क्यूआर कोड कुणाच्या नावावर आहे?

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

मागच्या महिन्यात नोकरी आणि धंद्याबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं होतं, तर इतकी पत्रं आणि मेसेज आले की दोन रात्री वाचतच बसले होते. सगळ्यांना इथे जागा देता येणार नाही, पाच निवडलेत. नावं मुद्दाम छापत नाहीये.

प्रश्न : ताई, मी अंधेरीला एका कंपनीत अकाउंट्सला आहे, ६ वर्षं झाली. मागच्या दिवाळीत आमच्याकडे एक मुलगा लागला, त्याला सगळं काम मीच शिकवलं, जीएसटीचं रिटर्न, वेंडरचे हिशेब जुळवणं, सगळंच. परवा प्रिंटरवर त्याची सॅलरी स्लिप राहिली होती, ती माझ्याच हातात आली. त्याला माझ्यापेक्षा ९ हजार जास्त आहेत. सरांना विचारलं तर म्हणाले, अगं तुझा पगार म्हणजे घराला हातभार, त्याला घर चालवायचंय. मला काही बोलताच आलं नाही, जागेवर येऊन बसले. नोकरी सोडू का? (विरार)

उत्तर : सोडू नकोस. निदान रागात तरी सोडू नकोस, कारण तू गेलीस की तुझ्या जागी येणाऱ्या मुलीला परत हेच ऐकायला लागणार.

तुला एक गोष्ट सांगते, आपल्या मुंबईतलीच आहे आणि प्रत्येक नोकरी करणाऱ्या मुलीला ती माहीत असायला हवी असं मला मनापासून वाटतं. मॅकिनॉन मॅकेन्झी म्हणून जहाज वाहतुकीतली जुनी कंपनी, तिथे ऑड्री डिकॉस्टा स्टेनोग्राफर होत्या. तेच काम करणाऱ्या पुरुष स्टेनोग्राफरना पगार जास्त होता. १९७७ मध्ये त्यांची नोकरी गेली, पण त्या गप्प नाही बसल्या, १९७६ चा समान वेतनाचा कायदा तेव्हा अगदी नवा होता, त्याखाली त्यांनी पगारातला फरक मागितला. कंपनीने काय काय सांगितलं बघ, की लेडी स्टेनोग्राफरचं काम वेगळं आहे, युनियनशी तसा करारच झालाय, आणि आमची आर्थिक परिस्थितीही नाहीये. केस चालत चालत सुप्रीम कोर्टात गेली आणि १९८७ मध्ये ऑड्रीबाई जिंकल्या. कोर्टाने स्पष्ट सांगितलं की काम सारखं असेल तर पगार सारखाच, आणि कंपनीला परवडत नाही ही सबब कायद्यापुढे चालत नाही. म्हणजे तुझे सर जे आज बोलतायत त्याचा निकाल लागून इतकी वर्षं झालीत गं.

तो कायदा आता २०१९ च्या वेतन संहितेत घेतलाय आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालीये. तिच्यात सारख्या किंवा साधारण त्याच प्रकारच्या कामासाठी बाई-पुरुष म्हणून पगारात भेद करायचा नाही, भरती करतानाही करायचा नाही, असं लिहिलंय. अनुभव, शिक्षण, जबाबदारी यामुळे फरक असू शकतो, तो मालकाने दाखवावा. पण तुझ्या बाबतीत तर अनुभव तुझाच जास्त आहे, शिकवलंस तूच! घर कोण चालवतं हा मुद्दा कायद्यात कुठेच नाहीये.

आता करायचं काय. त्या मुलाच्या स्लिपचा फोटो वगैरे काढून ग्रुपवर फिरवू नकोस, ती त्याची खाजगी गोष्ट आहे आणि त्याचा यात काही दोषही नाही. तू तुझ्या कामाचा कागद तयार कर. रोज काय करतेस, कुठली रिटर्न तू भरतेस, त्याला शिकवतानाचे मेल, सहा वर्षांच्या इन्क्रिमेंटची पत्रं, सगळं एका फाइलमध्ये ठेव, आणि शक्यतो घरच्या मेलवर आपली पत्रं तरी ठेवून दे कारण नोकरी गेली की ऑफिसचा मेल त्याच दिवशी बंद होतो. मग एचआरला साधा मेल टाक, भांडणाचा सूर नको, माझं काम आणि अमुक पदाचं काम सारखं आहे, पगारातल्या फरकाचं कारण लेखी कळवावं, एवढंच. तोंडी विचारलंस म्हणून "हातभार" असं उत्तर आलं, मेलवर हेच लिहायची हिंमत कुणी करत नाही. काहीच झालं नाही तर वांद्रे-कुर्ला संकुलात कामगार भवन आहे, तिथे तक्रार करता येते. पगाराची रजिस्टरं अधिकारी स्वतः मागवू शकतात, ती तू आणून द्यायची गरज नाही.

आणि वकिलाचे पैसे कुठून आणू असं डोक्यात आलंच असेल. विधी सेवा प्राधिकरणाकडून बायकांना वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अटच नाहीये, १९८७ च्या कायद्यातच तसं आहे. १५१०० वर फोन कर. हे इतक्या कमी जणींना माहितीये की मला दर वेळी वाईट वाटतं.

प्रश्न : मी कॉन्ट्रॅक्टवर आहे, दर ११ महिन्यांनी रिन्यू होतं. आता दिवस गेलेत, चौथा महिना चालू आहे. मॅनेजर म्हणाले, तू राजीनामा दे, बाळ मोठं झालं की परत घेऊ. चांगले आहेत तसे ते. काय करू? (ठाणे)

उत्तर : राजीनामा लिहू नकोस. हे मी दोनदा लिहितेय असं समज. माणूस चांगला असेल, पण "परत घेऊ" हे कुठल्याही कागदावर नाहीये आणि तुझा राजीनामा मात्र कागदावर असेल, तुझ्याच सहीचा.

बाळंतपणाच्या आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असलं की पगारी रजेचा हक्क आहे. पहिल्या दोन बाळांसाठी २६ आठवडे, त्यातले ८ पर्यंत आधी घेता येतात. हे २०१७ च्या दुरुस्तीपासून आहे आणि नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तसंच ठेवलंय. गरोदर आहे किंवा रजेवर आहे म्हणून कामावरून काढणं बेकायदेशीर आहे. पगार २१ हजारांच्या आत असेल आणि ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, कापला जात असेल तर पैसे ईएसआयकडून मिळतात, म्हणजे मालकाच्या खिशातून जातही नाहीत, हे मॅनेजरना सांगून बघ, बऱ्याच जणांना ते ठाऊकच नसतं.

कॉन्ट्रॅक्टचं म्हणशील तर, २००० साली सुप्रीम कोर्टाने दिल्ली महापालिकेच्या रोजंदारीवरच्या बायकांनाही हा लाभ द्यायला लावला, खड्डे खणणाऱ्या, रस्त्यावर काम करणाऱ्या बायका होत्या त्या. आणि २०२३ मध्ये असंही सांगितलं की रजा चालू असताना कॉन्ट्रॅक्टची मुदत संपली म्हणून लाभ थांबत नाही. तेव्हा आजच रजेचा अर्ज लेखी दे, डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोड, आणि पोच घे.

मी इतकं जोर देऊन का सांगतेय तर २०२३-२४ च्या सरकारी श्रमबल पाहणीत शहरांतल्या १५ वर्षांवरच्या दर १०० बायकांमागे फक्त २८ जणी काम करत होत्या किंवा काम शोधत होत्या. बाकीच्या कुठे गेल्या? माझ्या ओळखीतल्या कित्येक जणी "थोडे दिवस" म्हणूनच घरी बसल्या होत्या, त्यांची मुलं आता कॉलेजला आहेत.

प्रश्न : नमस्कार ताई. मी लालबागला पोळीभाजी आणि सणाला उकडीचे मोदक, पुरणपोळ्या करते, ७ वर्षं झाली. गणपतीत तर झोप नसते. आता मोठा गॅस, डीप फ्रीज आणि मदतीला दोन बायका ठेवायच्या आहेत म्हणून बँकेत ३ लाखाचं लोन मागितलं. साहेबांनी खात्याचं स्टेटमेंट बघितलं आणि म्हणाले तुमच्या खात्यात तर काहीच उलाढाल नाही, मिस्टरांना घेऊन या, त्यांच्या नावाने करू. ७ वर्षं मी पहाटे ४ ला उठते आणि माझा धंदाच नाही म्हणतात. (लालबाग)

उत्तर : तुमचं पत्र वाचून मी बराच वेळ तशीच बसून राहिले, कारण माझी आई खानावळवाली होती. आमच्या दोन खोल्यांत १८ गिरणी कामगार जेवायला यायचे, पाळीप्रमाणे, रात्रपाळीवाले दुपारी. आईची एक लाल कापडाच्या पुठ्ठ्याची वही होती, तिच्यात माणसाचं नाव आणि पुढे उभ्या रेघा, एक रेघ म्हणजे एक जेवण. पगाराच्या दिवशी ते पैसे यायचे ते वडिलांच्या हातात. किराणावाल्याची उधारी वडिलांच्या नावावर, आणि सावकाराकडे गहाण मात्र आईच्या पाटल्या. १९८२ च्या संपात माणसं गावाला निघून गेली, वहीत रेघा तशाच राहिल्या, बुडाले ते पैसे आईचे होते पण तसं कधी कुणी म्हटलं नाही. ती वही अजून माझ्याकडे आहे, तिच्यात आईचं नाव कुठेच नाही.

म्हणून तुम्हाला पहिला प्रश्न विचारते. डबे घ्यायला येणारी माणसं जो क्यूआर कोड स्कॅन करतात तो कुणाच्या खात्याचा आहे? माझी खात्री आहे की मिस्टरांच्या. मोबाइल त्यांचा, म्हणून जीपे त्यांचं, म्हणून क्यूआर त्यांचा, यात कुणाचं वाईट मन असतं असं नाही, पण ७ वर्षांचा तुमचा गल्ला दुसऱ्याच्या खात्यात जमा झाला आणि बँकेच्या साहेबांना तुमचं खातं रिकामं दिसलं. बँक तुमचे हात बघत नाही हो, स्टेटमेंट बघते.

तर उद्या सकाळी, लोनचं नंतर बघू, आधी तुमच्या नावाचं खातं, तुमचा नंबर, तुमचा क्यूआर. भिंतीवरचा जुना काढून टाका. रोख येते तीसुद्धा आठवड्याला खात्यात भरा आणि सामानाचे पैसे त्यातूनच द्या, म्हणजे जाणारेही दिसतात. सहा महिने असं केलंत की तेच स्टेटमेंट तुमच्या बाजूने बोलायला लागेल.

तोवर दोन कागद करून घ्या. एक उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारदरबारी नोंद, सरकारी साइटवर आधार नंबरने होते आणि एक पैसाही लागत नाही, तिच्यासारख्या दिसणाऱ्या खाजगी साइट हजार-दोन हजार मागतात त्यांना देऊ नका. दुसरं, खाण्याचा धंदा आहे तर एफएसएसएआय, म्हणजे अन्न सुरक्षेची सरकारी नोंद. घरगुती छोट्या कामाला मोठा परवाना नाही, साधी नोंदणी पुरते, वर्षाला १०० रुपये फी. दोन्ही तुमच्याच नावाने, मालक म्हणून, मिस्टरांच्या नाही.

मग मुद्रा लोन मागा. ५० हजारांपर्यंत शिशु, त्यापुढे ५ लाखांपर्यंत किशोर, तुमचे ३ लाख किशोरमध्ये बसतात. मुद्राला तारण लागत नाही, घर किंवा दागिने मागितले तर तसं लेखी द्या म्हणा. मिस्टरांना आणाच असाही नियम नाही, जामीन किंवा सहकर्जदार बँका सवयीने मागतात. जनसमर्थ पोर्टलवरून ऑनलाइन अर्ज केलात तर अर्जाची नोंद राहते, नाकारला तरी तोंडी "नाही" म्हणून घरी पाठवता येत नाही. शिवाय राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम आहे, जिल्हा उद्योग केंद्राकडे चौकशी करा, त्यात बाईला स्वतःचे फक्त ५ टक्के घालावे लागतात आणि शहरात २५ टक्के अनुदान असतं. तो नव्या उद्योगासाठी आहे, तेव्हा तुमचं कशात बसतं ते तिथे विचारून घ्या. एजंटला पैसे देऊ नका, आणि मोबाइलवर पाच मिनिटांत लोन देणाऱ्या ॲपच्या तर वाटेला जाऊ नका, आपल्याकडच्या किती जणींना त्यांनी रडवलंय.

तुमच्या गल्लीच्या आसपास हे आधी झालंय म्हणून सांगते. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते माझ्या आईसारख्या खानावळवाल्यांसाठीच, सावकाराच्या विळख्यातून काढून त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेच्या दारात नेलं. तेव्हाही बँकेतली माणसं म्हणायची यांच्याकडे तारण काय? एकीने दुसरीची हमी घेतली, गट केले, आणि बायकांनी पैसे फेडले. गिरगावात १९५९ साली सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला घेतले, ते लिज्जत आज देशभर आहे, आणि तिथे पापड लाटणारी बाई कामगार नसते, ती मालकीण असते, प्रत्येक जण. सातारा जिल्ह्यात म्हसवडला चेतना सिन्हांनी बायकांची बँक काढायचं ठरवलं तर सभासद बायका अंगठेबहाद्दर म्हणून रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला, त्या बायका अक्षरं गिरवायला बसल्या आणि परत गेल्या, १९९७ ला माणदेशी बँक उभी राहिली.

मदतीला ज्या दोन बायका ठेवणार आहात त्यांचा पगारही खात्यात द्या. उद्या त्यांना लागेल तेव्हा त्यांचंही स्टेटमेंट भरलेलं असू दे.

प्रश्न : मी घरी आरी वर्क आणि ब्लाउज शिवते. एका बुटीकचं काम घेते, त्यांनी पाच महिन्यांचे ४२ हजार अडकवलेत. फोन केला की "पुढच्या आठवड्यात". काम बंद केलं तर पैसे बुडतील म्हणून अजून शिवतेय. (भांडुप)

उत्तर : अजून शिवू नका. उधारी वाढली की देणाऱ्याचा निर्ढावलेपणा पण वाढतो.

छोट्या उद्योगांचे पैसे वेळेत द्यायचा २००६ चा कायदा आहे. लेखी करारात मुदत ठरली असेल तर ती, पण कसंही करून ४५ दिवसांच्या वर नाही. करारच नसेल तर १५ दिवस. त्यानंतर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. पैसे थकवले तर घेणाऱ्याला तो खर्च इन्कम टॅक्समध्ये त्या वर्षी वजा करता येत नाही, हे तर त्यांच्या सीएला सांगितलं की काम होतं बऱ्याचदा. पण यासाठी तुमची उद्यम नोंदणी काम देण्याआधी झालेली असायला लागते, म्हणून ती आजच करा, पुढच्या कामाला तरी उपयोगी पडेल. मग थकलं तर सरकारी पोर्टलवर ऑनलाइन तक्रार टाकता येते.

जुन्या ४२ हजारांसाठी व्हॉट्सॲप चाळा. डिझाइनचे फोटो त्यांनी पाठवले असतील, "१२ पीस मिळाले" असं म्हटलं असेल, तारखेसकट स्क्रीनशॉट काढून एक बिल करा आणि मेसेज टाका की एवढे ४२ हजार बाकी आहेत, अमुक तारखेपर्यंत द्यावेत. समोरून "हो ताई, देते" एवढं जरी आलं तरी बाकी कबूल झाली. मग विधी सेवावाल्यांकडून फुकट नोटीस पाठवा, वर नंबर दिलाच आहे. आणि इथून पुढे माल देताना दोन ओळींचं चलान, किती पीस, काय दर, सही. त्यांना राग येईल याची भीती वाटते ना, मला कळतं, पण ज्यांना दोन ओळींचा राग येतो ते तुमचे पैसे द्यायचेच नव्हते.

प्रश्न : ताई, मी पुरुष वाचक आहे, चालेल ना? बायकोचं घरातूनच मसाल्यांचं काम आहे, या उन्हाळ्यात तिची कमाई माझ्या पगाराच्या वर गेली. मला आनंदच आहे, पण आई आणि चाळीतले लोक टोमणे मारतात. तिला मदत करायची आहे, नेमकी काय करू? नोकरी सोडून तिच्या धंद्यात उतरू का? (परळ)

उत्तर : चालेल काय दादा, तुमचं पत्र आलं याचा मला फार आनंद झाला.

नोकरी एवढ्यात सोडू नका. उन्हाळा हा मसाल्याचा सीझन, जूननंतर काय होतं ते एक वर्ष बघा, तोवर घरात एक बांधलेला पगार असणं हाच तिच्या धंद्याला मोठा टेकू आहे. मदतीचं म्हणाल तर आकडा सांगते. २०२४ च्या सरकारच्या वेळ वापर पाहणीत असं दिसलं की घरकाम करणारी बाई रोज त्यात २८९ मिनिटं घालवते आणि घरकाम करणारा पुरुष ८८. पावणेपाच तास आणि दीड तास. मिरच्या निवडायला, ऑर्डरी घ्यायला, डंकावर जायला तिला वेळ मिळायचा तो याच पावणेपाच तासांतून काढायचा असतो, नाहीतर झोपेतून. तेव्हा मसाल्यात हात घालण्याआधी संध्याकाळचा स्वयंपाक आणि मुलांचा अभ्यास तुमचा, असं करून बघा, "मदत" म्हणून नाही, तुमचं काम म्हणून. त्या दिवशी भाजी खारट झाली तरी ती तुमची.

आईंचं जरा सांभाळून घ्या. त्यांनीही आयुष्यभर राबून काही नाव मिळवलं नसेल, टोमण्यामागे तेही असतं कधी कधी. मसाल्याचं प्रमाण कदाचित त्यांचंच असेल, तसं असेल तर पाकिटावर तसं छापा आणि सुनेच्या हिशेबातून त्यांनाही दर महिन्याला पैसे त्यांच्या खात्यात जाऊ द्या. चाळीतल्या लोकांना उत्तर द्यायची गरज नाही, पण कुणी मसाला मागायला आला आणि तुम्हाला भाव विचारला तर "मालकिणीला विचारा" म्हणा, मोठ्याने.

आणि आज घरी गेल्यावर दाराशी लावलेला तो क्यूआर एकदा स्वतः स्कॅन करून बघा, वर कुणाचं नाव येतं.